'विशारद'ची सनद आणि पंचवटीतले बुवा

नाशिकमधल्या एखाद्या गल्लीत गायन-वादनाच्या वर्गाची पाटी दिसली, तर शिक्षकाच्या नावापुढे बहुधा दोन शब्द असतात : 'संगीत विशारद'. त्या दोन शब्दांच्या भरवशावर आईवडील मुलाला निःशंकपणे आत सोडतात. सव्वाशे वर्षांपूर्वी गवयाला असा भरवसा कुणी देत नव्हते. हा कागद कसा जन्माला आला, आणि त्याला जन्म देणारा माणूस अखेरीस याच शहरात, पंचवटीत, कोणत्या अवस्थेत येऊन राहिला, त्याचा हा धागा.

आधी थोडे युरोपकडे पाहू. पियानो शिकवून पोट भरणाऱ्याला तिथे एकोणिसाव्या शतकातच परीक्षेचा आधार मिळाला होता. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजने १८७७ मध्ये बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी परीक्षा सुरू केल्या, १८८९ मध्ये तिथल्या राजमान्य संगीतशाळांचे संयुक्त मंडळ उभे राहिले. अनोळखी घरात शिकवणीला जाणाऱ्या मास्तराजवळ किंवा बाईंजवळ दाखवायला एक छापील कागद आला.

आपल्याकडे काय होते? गुरूचे नाव. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, ती वासुदेवबुवा जोशींच्या घरी पडेल ते काम करून मिळवलेली. फी नाही, इयत्ता नाही, शिक्षण केव्हा संपले हे सांगणारा दाखलाही नाही. पुण्यातला गायन समाज (१८७४) आणि बडोद्यातली मौलाबक्षांची गायनशाळा (१८८६) हे नव्या वाटेने जाण्याचे आरंभीचे प्रयत्न होते, पण त्यांचा आवाका त्या त्या शहरापुरता राहिला.

आता मुख्य माणसाकडे येऊ. विष्णु दिगंबर पलुसकर, जन्म १८ ऑगस्ट १८७२, कुरुंदवाड. वडील कीर्तनकार. लहानपणी तोंडाजवळ फटाका उडाला आणि दृष्टी अधू झाली. पुस्तकी शिक्षणाचा मार्ग खुंटला, तेव्हा मिरज संस्थानच्या आश्रयाने त्यांना बाळकृष्णबुवांकडे ठेवण्यात आले. मिरजेतला एक प्रसंग त्यांच्या चरित्रकथांत नेहमी येतो. गावात एक मोठा समारंभ होता. संस्थानिकांच्या मर्जीतला म्हणून तरुण विष्णूला आमंत्रण आले, पण त्याच्या गुरूला कुणी विचारले नाही. गवई कितीही थोर असला तरी तो पंक्तीत बसवण्याजोगा माणूस नव्हे, असा त्याचा अर्थ. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

पुढची चार-पाच वर्षे भटकंतीत गेली. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा असे करत पंजाबात पोहोचले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाश्रयावर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर चालणारे. सुरुवातीला विद्यार्थीच येईनात. बुवा ठरल्या वेळी तंबोरा घेऊन रिकाम्या वर्गात एकटे बसत, अशी आठवण सांगतात.

या विद्यालयाचे वेगळेपण मला त्याच्या 'उपदेशक वर्गा'त दिसते. इथे गवई घडवण्याचा नव्हे, संगीतशिक्षक घडवण्याचा उद्देश होता. होतकरू मुलांच्या पालकांशी नऊ वर्षांचा करार होई. राहणे, जेवण, शिक्षण विनामूल्य, आणि त्याच्या बदल्यात मुलाने मधेच सोडून जायचे नाही, खालच्या वर्गांना शिकवायचे. अभ्यासक्रम, क्रमिक पुस्तके, स्वतःची स्वरलिपी, पुस्तके छापायला स्वतःचा छापखाना, ठरलेली परीक्षा आणि शेवटी बड्या पाहुण्यांच्या हस्ते पदवीदान. हा थाट काहींना हास्यास्पद वाटे. पण ज्याच्या गुरूला पंक्तीत जागा नव्हती, त्याने आपल्या शिष्यांना व्यासपीठावर उभे केले, हेही विसरू नये.

या वर्गांतून आणि १९०८ मध्ये निघालेल्या मुंबईच्या विद्यालयातून बाहेर पडलेल्यांची नावे पाहा. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर. गांधीजींना साबरमती आश्रमासाठी संगीतशिक्षक हवा होता, तेव्हा बुवांनी नारायण मोरेश्वर खरे यांना पाठवले. नीतिमान, निर्व्यसनी, वक्तशीर आणि शिकवता येणारा गायक मागावा आणि तो पाठवता यावा, ही गोष्ट तोवर जवळजवळ अशक्य होती.

आक्षेपही होते, आणि ते पोकळ नव्हते. राग कागदावर उतरला की त्याचे श्रुतींचे बारकावे निसटतात. वर्गात वीस जणांनी एका सुरात घोकलेली बंदीश म्हणजे गायकी नव्हे. खुद्द बुवांचे नामवंत शिष्य तयार झाले ते परीक्षेने नव्हे, नऊ वर्षांच्या सहवासाने. म्हणजे नव्या विद्यालयाच्या आत जुने गुरुकुलच चालू होते! सनद त्याला वरून लावलेली होती, असे म्हटले तरी चालेल.

मुंबईची इमारत कर्जावर उभी होती. बुवा मैफली करून, दौरे काढून पैसा आणत, पण देणे फिटेना आणि विसाच्या दशकात ती वास्तू हातची गेली. तोवर त्यांचे मन रामनामाकडे वळले होते. नाशिकला त्यांनी 'रामनाम आधार आश्रम' काढला. तुलसीरामायणावरची प्रवचने, भजन, आणि आश्रमात राहून शिकणारे मोजके शिष्य. पदवीदानाचा थाट मागे पडला होता. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत, जिथे ते शिकले त्याच गावी, त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी शिष्यमंडळी अहमदाबादेत जमली आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना झाली. विखुरलेल्या विद्यालयांना एक अभ्यासक्रम आणि एक परीक्षा हवी होती. पुढे हेच अखिल भारतीय मंडळ झाले. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार, यांतल्या प्रत्येकीचे प्रथम आणि पूर्ण असे दोन टप्पे. मोजून पाहा, एकूण परीक्षा नऊ भरतात. उपदेशक वर्गाचा करारही नऊ वर्षांचाच होता. हा योगायोग असेल, पण मला तो आवडतो.

बुवा गेले तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय जेमतेम दहा वर्षांचा होता. वडिलांकडून पूर्ण तालीम मिळण्याइतका वेळच मिळाला नाही. पुढे त्याला घडवले विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी. विनायकरावांनी ८ मे १९३२ रोजी पुण्यात स्वतःचे गांधर्व महाविद्यालय सुरू केले होते. पंचवीस वर्षांपूर्वी लहान वयात ते लाहोरला बुवांच्या हाती सोपवले गेले होते, आणि आता बुवांचा मुलगा त्यांच्यासमोर तंबोरा घेऊन बसत होता. तोच पुढे द. वि. पलुसकर म्हणून गाजला.