काळा पाषाण व द्रावकाचे विष

बालाघाटच्या डोंगररांगांतील लिंबागणेशच्या विहिरी बेसाल्टच्या भेगांतून पाझरणाऱ्या पाण्यावर जगतात. अमेरिकेतील आयडाहो येथेही बेसाल्टच आहे. तेथील अणुसंशोधन केंद्राने १९७२ पर्यंत आपले सांडपाणी एका खोल विहिरीत सोडले. १९८७ मध्ये भूजलात ट्रायक्लोरोइथिलीन आढळले. हे द्रावक पाण्याहून जड असल्याने भेगांत खोल उतरून बसते व वर्षानुवर्षे थोडथोडे विरघळत राहते. नुसता उपसा म्हणूनच अपुरा पडतो. अवर्षणग्रस्त बीडला तर तो परवडणाराही नव्हे. १९९९ पासून आयडाहोत सोडियम लॅक्टेट व पुढे दुधाची निवळी भूगर्भात सोडण्यात आली. तिच्यावर पोसलेल्या जिवाणूंच्या साहाय्याने द्रावकातील क्लोरीनचे अणू एकेक करून सुटतात. मात्र ही क्रिया अर्धवट राहिल्यास मागे व्हिनाइल क्लोराइड उरते, आणि ते मूळ द्रावकाहून अधिक घातक होय.