रोखा आणि न्याय

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. मुंबई इलाख्यातील कापसाला अपूर्व भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. कर्ज मात्र उरले, आणि फेरआकारणीने साराही वाढला. न्यायासनापुढे धनको व ऋणको समान होते. परंतु रोख्यातील मजकूर बहुधा एकालाच वाचता येई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व रोखे जाळले, त्याचे मर्म येथे आहे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांस दिला. विषम बळाच्या दोघांतील करार केवळ अंगठ्याच्या निशाणीने न्याय्य ठरत नाही, हे तत्त्व त्यात मान्य झाले, असे आम्हांस वाटते. बाजाराच्या न्यायबुद्धीची थोरवी गाताना सुप्याची ती राख आम्हांस विसरता येत नाही.