‘करी’ पासून ‘करील’: रिद्धपूरची मराठी आणि स्पॅनिश क्रियापद

नांदगाव पेठ ज्या अमरावती जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे तीर्थ. त्यांच्या ‘लीळाचरित्रा’तील 13व्या शतकाच्या मराठीत ‘करी’ म्हणजे ‘करतो’. आज ‘तो रोज पूजा करी’ म्हटले की गतकाळची सवय कळते. व्याकरणात हा रीतिभूतकाळ. रूप तेच राहिले, काळ मात्र मागे सरकला! याच जुन्या वर्तमानाला ‘ल’ जोडून ‘करील’ हा भविष्यकाळ घडला, असे भाषाभ्यासक मानतात.

स्पॅनिशनेही भविष्यकाळ असाच सांधून घेतला. लॅटिनची जुनी रूपे लोपली. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे, त्याला ‘असणे-बाळगणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे ‘ए’ हे रूप चिकटून ‘आब्लारे’ झाले: ‘मी बोलेन’. जुन्या स्पॅनिशमध्ये या दोहोंच्या मधे सर्वनामही बसत असे. नेब्रिखाने 1492च्या व्याकरणात हा सांधा नेमका ओळखला होता.

मराठीचे आद्य व्याकरण मानले जाणारे भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ त्याहून जुने. परंतु महानुभावांचे वाङ्मय सांकेतिक लिप्यांत बंदिस्त राहिले. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836मध्ये छापले गेले, तेव्हाही त्या लिप्यांची किल्ली पंथाबाहेर आलेली नव्हती. ती 20व्या शतकाच्या प्रारंभी राजवाड्यांच्या हाती लागली.