सात की साठ?

उपग्रहाद्वारे दूरदर्शनचे कार्यक्रम थेट खेड्यांत पोहोचविण्याचा प्रयोग आपल्या देशात १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यासाठी निवडली होती. त्यांपैकी कर्नाटकातील खेडी गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर या तीन जिल्ह्यांतील होती. म्हणजे ज्या भागाला मागास म्हणून हिणविले जाते, तोच भाग या बाबतीत अनेक शहरांच्या आधी पडद्यासमोर बसला. मात्र ते चित्र पाहावयाचे होते. जपून ठेवावयाचे नव्हते. आपल्या घरचे चित्र आपणच टिपावे ही सोय व्हिडिओ कॅमेरा हाती आला तेव्हाच झाली. आठ मिलिमीटर रुंदीच्या फितीचा, एका हातात मावणारा कॅमेरा १९८५ साली बाजारात आला आणि पुढे आखाती देशांत नोकरीस गेलेल्या मंडळींच्या सामानातून तो आमच्या अफजलपूर तालुक्यातही येऊन पोहोचला.

१९९४च्या मे महिन्यात आमच्या मेव्हण्यांनी असाच कॅमेरा करजगीस आणला. लग्नघर होते; परंतु एका दुपारी त्यांनी ओसरीवर माझ्या वडिलांना बसविले आणि रझाकारांच्या दिवसांविषयी बोलते केले. १९४८च्या उन्हाळ्यात, भीमेचे पाणी उतरलेले असताना, रातोरात नदी ओलांडून पलीकडे गेलेल्या गावकऱ्यांची हकीकत वडिलांनी सांगितली. पलीकडे विजापूर जिल्हा, म्हणजे तेव्हाचा मुंबई प्रांत. अलीकडे निजामाचे राज्य. वडील त्या वेळी विशीतले. ते १९९६ साली वारले. त्या रात्रीचा दुसरा लेखी वा तोंडी पुरावा आमच्याजवळ नाही.

मूळ कॅसेट लहान आकाराची. ती घरच्या व्हीसीआरमध्ये बसत नसे. म्हणून १९९५ साली शहरातील एका स्टुडिओतून तिची व्हीएचएसवर नक्कल करून घेतली. कॅमेऱ्यातून तीन रंगांच्या वायरी काढून व्हीसीआरला जोडावयाच्या, एकीकडे कॅसेट चालवावयाची आणि दुसरीकडे भरून घ्यावयाची, ही ॲनालॉग रीत. पुढे २००५च्या सुमारास व्हीसीआर कुरकुरू लागला, तेव्हा त्या नकलेवरून डीव्हीडी करविली. डीव्हीडी चकचकीत होती; त्यामुळे ती अस्सल वाटली. एका स्मरणिकेसाठी मी लेख लिहिला तो याच डीव्हीडीवरून. त्यात मी लिहिले : ‘त्या रात्री सात माणसे नदीपार झाली.’

माझी सारी नोकरी कागदपत्रांत गेली. नकलेवरून केलेली नक्कल मूळ दस्तऐवजाशी ताडून पाहिल्याशिवाय तिच्यावर सही करावयाची नाही, हा धडा मी कनिष्ठांना शेकडो वेळा दिला असेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील विद्वानांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना १,२५९ हस्तलिखिते तपासली. १९१९ साली सुरू झालेले ते काम १९६६ साली पुरे झाले. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली, कोणत्या लेखकाची चूक पुढील किती प्रतींत झिरपली, हे त्यांना शोधावे लागले. हे सारे मला ठाऊक होते. घरच्या कॅसेटच्या वेळी मात्र ते आठवले नाही.

ॲनालॉग फितीची गत पोथीसारखीच असते. प्रत्येक उताऱ्यात काही गळते आणि काही नको ते मिसळते. आठ मिलिमीटरच्या फितीवर आवाज बऱ्यापैकी स्वच्छ मुद्रित होतो. परंतु साध्या व्हीएचएसवर तो कडेच्या अरुंद पट्टीवर, मंद गतीने भरला जातो आणि त्यातील उंच स्वर पुसट होतात. आता ‘त’ आणि ‘ठ’ यांतील भेद कानाला कळतो तो बराचसा त्या उंच स्वरांच्या आधारे! डीव्हीडीने त्यात आपली भर घातली. माहिती कमी जागेत मावावी म्हणून ती चित्र दाबते. आणि जे आधीच गळले होते ते तिला कोठून आणता येणार?

२०१९ साली युनेस्कोने जगाला इशारा दिला की चुंबकीय फितींवरील ध्वनिचित्रे २०२५पर्यंत उतरवून घेतली नाहीत, तर त्यांतील पुष्कळशी कायमची गमवावी लागतील. फिती झिजतात हे कारण आहेच. त्याहून मोठे कारण हे की त्या चालविणारी यंत्रे व ती दुरुस्त करणारे हात संपत आले आहेत. जगातील शेवटच्या व्हीसीआर उत्पादकाने २०१६ साली काम थांबविले. पुतण्याने ही बातमी सांगितली आणि विचारले, “काका, अण्णांची मूळ कॅसेट टाकून तर दिली नाही ना?” ती ट्रंकेत, लग्नपत्रिकांखाली सापडली. कडेला किंचित बुरशी होती. ती त्याने एका जाणकाराकडून स्वच्छ करविली.

त्यानंतर निवडीचा प्रश्न आला. कॅसेट मुळातच मिनी-डीव्ही असती, तर विचारच करावा लागला नसता. तिच्यावर अंकच असतात. फायरवायर नावाच्या केबलने ते जसेच्या तसे संगणकात उतरतात. तासाभराला सुमारे १३ गीगाबाइट जागा लागते, एवढेच. तिला पिवळ्या वायरीतून काढणे म्हणजे छापील पुस्तक समोर असताना ते कोणाकडून तरी वाचून घेऊन लिहून काढणे होय. आमची फीत ॲनालॉग. तिचे अंकांत रूपांतर कोठेतरी करावेच लागणार. ते एकदाच आणि मूळ फितीवरून व्हावे, इतके आपल्या हाती होते. १९९९ साली निघालेल्या डिजिटल-एट जातीच्या काही कॅमेऱ्यांत जुनी फीत चालते आणि रूपांतर कॅमेऱ्यातच होऊन अंक बाहेर पडतात. चित्राचा थरकापही त्यांपैकी अनेक कॅमेरे सावरून घेतात. असा कॅमेरा न मिळाल्यास एस-व्हिडिओ वायरीने चांगल्या कॅप्चर यंत्रात घेणे हाही कमी दर्जाचा मार्ग नव्हे. फीत फारच जीर्ण असेल तर कित्येकदा तोच बरा. पुतण्याने जुना डिजिटल-एट मिळविला.

२०२१च्या दिवाळीत आम्ही सगळे संगणकासमोर बसलो. ओसरी दिसली, मागचा कडुनिंब दिसला, वडिलांच्या धोतराचा काठही ओळखू आला. ते वाक्य आले तेव्हा पुतण्याने ते तीनदा ऐकविले. सीमेवरच्या आमच्या कानडी वळणाच्या मराठीत, कुठलीही शंका राहू नये अशा स्पष्टपणे वडील म्हणत होते : साठ.

सात माणसे म्हणजे एखादे भयभीत कुटुंब. साठ म्हणजे जवळजवळ अर्धी गल्ली. स्मरणिकेच्या उरलेल्या प्रती माझ्याकडे होत्या; त्यांत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटविली. वाटून झालेल्या प्रतींचे काही करता आले नाही. गेल्या वर्षी एका तरुण अभ्यासकाने पत्र पाठवून ‘त्या सात माणसांची’ नावे विचारली. त्यास उत्तरासोबत त्या फाइलची प्रत पाठविली आहे. मूळ कॅसेट आता ट्रंकेऐवजी लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, उभी ठेवली आहे.