घर राखले, पण कुणाच्या जिवावर?

गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी घाटकोपरच्या घरात आम्ही चौघे बसलो होतो. आई, ताई, धाकटा भाऊ आणि मी. समोर बँकेची नोटीस होती. भावाच्या साकीनाक्याच्या कारखान्यासाठी घेतलेले कर्ज टाळेबंदीनंतर थकत गेले होते आणि व्याजासकट ४१ लाखांवर पोचले होते. साठ दिवसांत रक्कम भरली नाही तर तारण ठेवलेले घर बँक ताब्यात घेऊ शकते, असे नोटिशीत होते. घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर आणि गॅलरी. जुनी चाळ पाडून इमारत झाली तेव्हा मिळालेले.

घर स्वतःहून विकावे आणि कर्ज फेडून मोकळे व्हावे, असे मी सुचवले. भाऊ एकदम म्हणाला, "बाबांनी संपात उपाशी राहून हे घर राखलं. ते आपण विकायचं?" त्यावर कुणी बोलले नाही. आई उठून आत गेली.

मी शिक्षणाने इतिहासाचा नाही. नोकरी सांभाळून गेली पंचवीस वर्षे ग्रंथालयांत बसून गिरणगाव आणि उपनगरांतल्या चाळी यांबद्दल मिळेल ते वाचत, टिपत आलो. भावाच्या वाक्यात मला दोन प्रश्न दिसले. वडिलार्जित घर कर्जापायी विकणे हे आपल्या परंपरेत खरोखरच एवढे निषिद्ध होते का? आणि बाबांनी घर राखले म्हणजे नेमके काय केले?

०००

पहिल्या प्रश्नासाठी म. म. पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासापासून सुरुवात केली. विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, सहावा विक्रमादित्य गादीवर असताना लिहिली गेली. घर-जमीन ही एकट्या कर्त्याची नसते, मुलाला जन्मतःच तिच्यात हक्क मिळतो, म्हणून सर्वांच्या संमतीशिवाय ती विकू नये, हा तिचा सर्वसाधारण नियम. पण लगेच अपवादही येतो. आपत्काळ, कुटुंबाचे हित आणि आवश्यक धर्मकार्य या तीन कारणांसाठी एकटा माणूसही स्थावर गहाण टाकू शकतो किंवा विकू शकतो. म्हणजे शास्त्राने विक्रीला बंदी केली नाही, कारण मागितले.

आपल्या मुंबईकडे मिताक्षरेबरोबर नीलकंठ भट्टाच्या 'व्यवहारमयूखा'चाही मान होता. मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थिरावलेल्या घराण्यातल्या या पंडिताचा सतराव्या शतकातला ग्रंथ गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात इंग्रजी न्यायालयेही प्रमाण मानत. साष्टी, म्हणजे आजची ही सगळी उपनगरे, त्याच पट्ट्यातली.

कारण मागण्याची ही रीत इंग्रजी अमलात टिकली. १८५६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्याचा निकाल दिला. अज्ञान मुलाच्या मालमत्तेवर त्याच्या आईने कर्ज काढले होते. ते मुलावर बंधनकारक होते का, असा वाद होता. न्यायाधीशांनी सांगितले की कर्ज देणाऱ्याने गरज खरी आहे का याची चौकशी केली पाहिजे. प्रामाणिक चौकशी केली असेल, तर पुढे पैसा कुठे खर्च झाला याला तो जबाबदार नाही. पुढे शतकभर 'कायदेशीर गरज' हा शब्दप्रयोग कोर्टाकचेऱ्यांत या निकालाच्या आधाराने चालला. गरजेची चौकशी ही सावकाराचीही जबाबदारी होती, हे मला महत्त्वाचे वाटते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे पवित्र कर्तव्य मानले जाई. मुंबई इलाख्यात कापसाची तेजी १८६५ मध्ये कोसळली. १८६६ साली हिंदू वारसांना दिलासा देणारा कायदा इथे झाला आणि वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरती मर्यादित झाली. ते 'पवित्र कर्तव्य' कायद्याने पूर्ण संपले ते मात्र २००५ साली.

दख्खनच्या शेतकऱ्याने आपला प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवायचा प्रयत्न केला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांच्या घरांवर लोक चालून गेले. त्या दंग्यांत गावोगाव मुख्य रोख होता तो कर्जरोखे आणि हुकूमनामे जाळण्यावर. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा त्यातून आला. राहते घर जप्तीतून वगळण्याची तरतूदही दिवाणी कायद्यात शेतकऱ्यासाठीच होती. मजूर आणि घरगडी यांची राहती घरे त्या यादीत आली ती १९७६ च्या दुरुस्तीने. पण या संरक्षणाला एक मोठे भगदाड आहे. घर स्वतःच्या सहीने तारण दिले असेल, तर ते संरक्षण उपयोगी पडत नाही.

०००

आता बाबांची गोष्ट. परळच्या एका गिरणीत ते साचेखात्यात होते. मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. घाटकोपरच्या चाळीतली खोली आजोबांनी पागडी देऊन घेतलेली, भाडेपावती बाबांच्या नावावर झालेली. ही खोली आमची होती आणि नव्हतीही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठवले, भाडेकरूला सहजी काढता येईना, पण पागडी घेणे घरमालकालाही गुन्हा आणि खोली सोडण्याबद्दल पैसे घेणे भाडेकरूलाही बेकायदा. तरीही सगळी मुंबई पागडीवर चालली. पागडीला कायद्याची मान्यता मिळाली ती १९९९ च्या कायद्याने, तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याआधी खोली 'विकायची' म्हणजे नोटा मोजायच्या, घरमालकाचा वाटा द्यायचा आणि पावती दुसऱ्याच्या नावे करून घ्यायची. कागदावर या व्यवहाराची खूण राहत नसे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप मागे घेतल्याची औपचारिक घोषणा कधी झालीच नाही. त्यामुळे 'आता किती दिवस' या प्रश्नाला कुठल्याच घरात उत्तर नव्हते. वाण्याची उधारी, पठाणाचे व्याज, भिशीतून उचललेले पैसे, सगळे एकावर एक चढत गेले. अनेकांनी बिऱ्हाड गावी हलवले, अनेकांनी खोल्या दिल्या. आमच्या चाळीत त्या दोन वर्षांत सात दारांवरच्या पाट्या बदलल्या. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होतो, पाट्या मोजल्याचे आठवते.

आमच्या खोलीलाही १९८३ साली गिऱ्हाईक आले होते. २८ हजार ठरले, इसाराचे २,००१ रुपये बाबांनी घेतले आणि आठ दिवसांनी परत केले. घर राखले ते असे. घरात ही गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली आहे.

नोटीस आल्यावर आईची लोखंडी ट्रंक पहिल्यांदा नीट पाहिली. त्यात घाटकोपरच्या एका सराफाची पावती सापडली. दोन पाटल्या आणि एक बोरमाळ मोडल्याची. तारीख इसार परत केल्याच्या दुसऱ्या दिवशीची. तिच्याच खाली ताईचा शाळा सोडल्याचा दाखला. दहावीला तिला बासष्ट टक्के होते. त्याच जूनमध्ये ती विक्रोळीला गोळ्यांच्या पाकिटांच्या कामाला लागली. पहिल्या पगारापासून वाण्याचा हप्ता तीच देत होती. दादरला कॉलेजात मी गेलो तो तिच्या पैशांवर.

स्त्रीधनावर शास्त्राने बाईचा हक्क मान्य केला, पण याज्ञवल्क्याने त्यातही अपवाद ठेवला. दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा धनकोने कोंडून ठेवले असता नवऱ्याने स्त्रीधन घेतले, तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. हे मी दहा वर्षांपूर्वी वाचून टिपून ठेवले होते. पावती हातात आली तेव्हा त्याचा अर्थ कळला. आपत्काळात स्थावर विकायची मुभा होती आणि बायकोचे दागिने घ्यायचीही मुभा होती. दोन्ही दारे उघडी असताना आमच्या घराने, आणि आमच्यासारख्या कित्येक घरांनी, दुसरे दार निवडले. खोली गेली असती तर चाळीला दिसले असते. पाटल्या गेल्याचे कुणाला दिसले नाही.

बाबांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. खोली गेली असती तर आम्ही मुंबईबाहेर फेकले गेलो असतो, हेही तितकेच खरे. पण 'बाबांनी घर राखले' हे वाक्य अपुरे आहे.

०००

घर विकणे म्हणजे शेवट, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. अंधेरी-जुहूच्या बाजूला तिचा दाखला म्हणून भगवानदादांचे नाव नेहमी घेतले जाते. गिरणी कामगाराचा मुलगा, स्वतः मजुरी केलेला माणूस. १९५१ च्या 'अलबेला'ने भरभरून दिले. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या दर दिवशी एक अशा सात गाड्या. पुढचे चित्रपट अंगावर आले, बंगला आणि गाड्या विकाव्या लागल्या आणि दादा दादरच्या चाळीत राहायला आले. ही गोष्ट ऐश्वर्याच्या ऱ्हासाची म्हणून सांगतात. मला तिचा पुढचा भाग मोठा वाटतो. बंगला गेल्यावरही त्यांनी मिळतील त्या छोट्या भूमिका वर्षानुवर्षे केल्या. ४ फेब्रुवारी २००२ ला ते गेले तेव्हा लोकांना बंगला नाही, त्यांचा नाच आठवला.

०००

पुन्हा आमच्या घराकडे. बाबा २०१३ साली गेले. १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेत आई, ताई, भाऊ आणि मी असे चौघे सारख्या वाट्याचे. त्याच कायद्यात २००५ पर्यंत एक कलम होते. राहत्या घरातला वाटा वेगळा काढून मागण्याचा अधिकार मुलीला नव्हता. मुलगे वाटणी करायला तयार होईपर्यंत तिने थांबायचे. ते कलम २००५ च्या दुरुस्तीने गेले. २०१८ मध्ये भावाच्या कर्जासाठी घर तारण देताना बँकेला ताईचीही सही लागली.

त्या दिवशी कागद मी वाचले. खरे तर चाळले. ताईने विचारले होते, "नीट आहे ना सगळं?" मी म्हणालो, "नुसती पद्धत असते, कर सही." प्रिव्ही कौन्सिलचा निकाल टिपून ठेवणाऱ्या मला, गरज खरी आहे का, धंद्याचा हिशेब काय सांगतो, हे भावाला विचारावेसे वाटले नाही. बँकेने उत्पन्नाचे कागद पाहिले, घराची किंमत काढली. कुटुंबाची गरज विचारणे हे तिचे काम नव्हते, ते आमचे होते. २००२ च्या कायद्यानंतर तारण घर ताब्यात घ्यायला बँकेला दिवाणी दावाही लावावा लागत नाही. जुन्या काळी प्रश्न विचारायला निदान कोर्ट होते. आता तो सहीच्या आधी घरातच विचारला गेला पाहिजे.

दुसऱ्या बैठकीला मी पावती आणि दाखला टेबलावर ठेवला. भावाने तो दाखला प्रथमच पाहिला. आई म्हणाली, "पाटल्यांचं काय एवढं. हिच्या शाळेचं मात्र मला लागून राहिलंय." ताई काहीच बोलली नाही, दाखला उलटा करून ठेवला.

मग हिशेब मांडला. घराला ९५ लाख येत होते. प्रत्येकाचा वाटा पावणेचोवीस लाख. कर्ज ४१ लाख. घर राखायचे तर भावाला नवे कर्ज काढावे लागणार होते आणि त्याला कुणीतरी जामीन राहायचे, म्हणजे पुन्हा आई किंवा ताई. लिलाव झाला असता तर किंमत पडली असती. म्हणून विकायचे ठरले. भावाचा सगळा वाटा कर्जात गेला. उरलेले सव्वासतरा लाख माझ्या वाट्यातून दिले, कारण 'कर सही' मी म्हणालो होतो. भाऊ ते महिन्याला थोडे थोडे फेडणार आहे, तसे लिहून घेतले आहे. ताईच्या वाट्याला हात लावला नाही. तो तिच्या एकटीच्या खात्यात जमा झाला. तिने अर्धा भावाला देऊ केला, आईने नको म्हणून सांगितले.

आईच्या वाट्यात माझे उरलेले साडेसहा लाख घालून बदलापूरला छोटे घर घेतले, आईच्या एकटीच्या नावावर. भाऊ, वहिनी आणि मुले तिच्याजवळ राहतात. साकीनाक्याला जायला भावाला दोन तास लागतात आणि तो त्याबद्दल कुरकुरतो. घाटकोपरच्या दारावरची बाबांच्या नावाची पाटी मी काढून आणली. बदलापूरच्या दारावर ती लावावी असे भावाला वाटत होते. आईने नवी करून घेतली आहे, तिच्या नावाची. जुनी पाटी ट्रंकेत, त्या पावतीच्या आणि दाखल्याच्या शेजारी ठेवली आहे.