पूरग्रस्त घरगुती विद्युत उपकरणांची दुरुस्ती

पुराच्या किंवा साचलेल्या पावसाच्या पाण्यात भिजलेली दूरचित्रवाणी संच, शीतकपाट, धुलाई यंत्र, मिक्सर, संगणक यांसारखी उपकरणे वीजपुरवठ्यापासून वेगळी करून स्वच्छ करणे, वाळवणे, तपासणे आणि शक्य असल्यास पुन्हा वापरात आणणे, या प्रक्रियेस पूरग्रस्त घरगुती विद्युत उपकरणांची दुरुस्ती असे म्हणतात. अशा उपकरणांचे सर्वाधिक नुकसान बहुधा केवळ पाण्यामुळे होत नाही. ओले असताना त्यांतून वीज वाहिल्याने, तसेच पाणी ओसरल्यावर आत राहिलेल्या गाळ व क्षारांमुळे ते होते. म्हणून पाणी ओसरताच उपकरण सुरू करून पाहणे ही या कामातील सर्वांत महागडी आणि प्रसंगी जीवघेणी चूक मानली जाते.

पार्श्वभूमी

२६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या अतिवृष्टीत सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्यास सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस पडला. त्यामुळे मुख्य आपत्ती उपनगरांवर कोसळली. मुंबईतील जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून आखलेली होती. विहार व पवई तलावांच्या सांडव्यांचे पाणी वाहून नेणारी मिठी नदी, तसेच दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या नद्यांच्या काठचे सखल भाग जलमय झाले. तळमजल्यावरील सदनिका, चाळी, झोपडवस्त्या आणि दुकाने यांतील सामान पाण्याखाली गेले. या पुराच्या कारणांचा अभ्यास करण्यासाठी राज्य शासनाने डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली.

त्यानंतरही सांताक्रूझ येथे २९ ऑगस्ट २०१७ रोजी ३३१ मिलिमीटर आणि २ जुलै २०१९ रोजी ३७५ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतील सखल भागांत पाणी साचण्याचा धोका दर पावसाळ्यात असतो.

नुकसान कसे होते

शुद्ध पाणी विजेचे दुर्बल वाहक आहे. पुराच्या पाण्यात मात्र माती, सांडपाणी, तेल आणि खाडीलगतच्या भागात समुद्राचे मीठ मिसळलेले असते. असे पाणी वीज सहज वाहून नेते. परिपथपट्टीवरील तांब्याच्या शेजारील दोन रेषांमध्ये विद्युतदाब असेल आणि त्यांवर असे पाणी असेल, तर विद्युत अपघटन सुरू होते. एका रेषेवरील धातू विरघळतो आणि दुसरीकडे साचून दोहोंमध्ये वाहक धागा तयार होतो. बंद उपकरणात ज्या हानीला कित्येक दिवस लागतील, ती चालू उपकरणात काही मिनिटांत होऊ शकते.

दुसरे कारण मंदगतीचे आहे. पाणी वाळल्यावर मागे राहिलेले क्षार हवेतील ओलावा शोषून घेतात. जुलैमध्ये मुंबईतील सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांहून अधिक असते. त्यामुळे बाहेरून कोरडे दिसणारे उपकरण आतून पुन्हा दमट होते आणि तांब्यावर हिरवट थर चढत जातो. सुरुवातीला सुरळीत चाललेले उपकरण काही आठवड्यांनी बंद पडते, ते यामुळे.

सुरक्षितता

घरात पाणी शिरू लागताच, कोरड्या जागी उभे राहून पोहोचता येत असेल तरच मुख्य स्विच बंद करावा. मुंबईतील अनेक इमारतींची मीटरखोली तळमजल्यावर असते. ती पाण्यात असल्यास आत जाऊ नये व वीज कंपनीस कळवावे. परिसरातील वीज गेली असली तरी पुरवठा अचानक पूर्ववत होऊ शकतो. म्हणून भिजलेल्या उपकरणांचे प्लग काढून ठेवावेत, मात्र मुख्य स्विच बंद असल्याची खात्री झाल्यानंतरच. पुरवठा पुन्हा घेण्यापूर्वी बुडालेले सॉकेट, स्विच व वायरिंग परवानाधारक विद्युत तंत्रज्ञाकडून तपासून घेणे आवश्यक असते.

प्लग काढल्यानंतरही काही भागांत विद्युतभार शिल्लक राहतो. २३० व्होल्टवर चालणाऱ्या वीजपुरवठा परिपथातील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब असू शकतो. जुन्या चित्रनलिकेच्या रंगीत दूरचित्रवाणी संचात आणि मायक्रोवेव्ह भट्टीत तो कित्येक हजार व्होल्ट असतो. ही दोन उपकरणे प्रशिक्षित कारागिराखेरीज कोणीही उघडू नयेत.

पुराचे पाणी आरोग्यासही घातक असते. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली होती. गाळ काढताना रबरी हातमोजे व बूट वापरावेत आणि जखमा झाकून ठेवाव्यात.

धुणे आणि वाळवणे

भिजलेले उपकरण पुन्हा धुणे विचित्र वाटले तरी ते आवश्यक असते. गाळ वाळून घट्ट होण्यापूर्वी तो काढणे सोपे जाते. वीज व बॅटरी काढून, आवरण उघडून परिपथपट्टी मऊ ब्रशने स्वच्छ पाण्याखाली धुतात. त्यानंतर नळाच्या पाण्यातील क्षार निघून जावेत म्हणून ऊर्ध्वपातित पाण्याने, म्हणजे बॅटरीत घालतात त्या पाण्याने, ती विसळतात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरल्यास उरलेले पाणी लवकर निघून जाते. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने जवळपास ज्योत किंवा ठिणगी नसावी. स्पीकर, पडदा आणि मोटारीची गुंडाळी या रीतीने धूत नाहीत.

वाळवण्यासाठी पंख्याचा वारा उत्तम. परिपथपट्टी पूर्ण वाळण्यास दोन-तीन दिवस, तर मोटारीच्या गुंडाळीस त्याहून अधिक काळ लागतो. तीव्र उष्णतेने प्लॅस्टिक वाकते. उपकरण तांदळात ठेवण्याचा प्रचलित उपाय फारसा उपयोगी नाही. तांदळामुळे क्षार निघत नाहीत आणि पिठाचे कण आत जातात.

चाचणी

मोटार किंवा तापक तारेचे विद्युतरोधन ५०० व्होल्टच्या मेगरने मोजतात. ते १ मेगओहमपेक्षा कमी असल्यास उपकरण वीजपुरवठ्यास जोडत नाहीत. ही चाचणी करताना इलेक्ट्रॉनिक परिपथ वेगळा काढावा लागतो, अन्यथा तो खराब होतो. दुरुस्ती कारागीर पहिल्यांदा वीज देताना उपकरणाशी एकसरीत बल्ब जोडतात. बल्ब पूर्ण तेजाने पेटून तसाच राहिला, तर आत लघुपथन असण्याची शक्यता असते. मोटार असलेल्या उपकरणांत मात्र केवळ या खुणेवरून निष्कर्ष काढता येत नाही.

उपकरणानुसार शक्यता

मिक्सर व पंखा : यांची रचना साधी असते. गुंडाळी वाळवून, वॉर्निश देऊन किंवा नव्याने गुंडाळून ही उपकरणे बहुधा वाचतात.

धुलाई यंत्र : मोटार तळाशी असल्याने ती लवकर बुडते. नियंत्रण पट्टी वरच्या भागात असल्यास ती कोरडी राहू शकते.

शीतकपाट : कॉम्प्रेसर हवाबंद असल्याने अनेकदा सुस्थितीत राहतो. त्याबाहेरील रिले व जोडण्या बदलाव्या लागतात. भिंतींतील फोममध्ये सांडपाणी मुरले असल्यास यंत्र चालू झाले तरी ते अन्न ठेवण्यास योग्य राहत नाही. काही नव्या शीतकपाटांतील वायू ज्वालाग्राही असतो. त्यामुळे वायुनलिकांचे काम तज्ज्ञाकडेच द्यावे.

सपाट पडद्याचा दूरचित्रवाणी संच : पडद्याच्या थरांत पाणी शिरल्यास डाग कायम राहतात आणि दुरुस्ती सहसा परवडत नाही.

संगणक : हार्ड डिस्कमधील छायाचित्रे व कागदपत्रे यंत्राहून मोलाची असू शकतात. ती डिस्क उघडू नये, तापवू नये आणि चालू करून पाहू नये. ती ओलसर स्थितीतच पिशवीत बंद करून माहिती परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावी.

मोबाइल व लिथियम बॅटरी : खाऱ्या पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. ती पुन्हा चार्ज करू नये. ती घराबाहेर, ज्वालाग्राही वस्तूंपासून दूर ठेवावी.

बुडालेले एमसीबी, फ्यूज व गळती-विरोधक स्विच वाळवून पुन्हा वापरत नाहीत, ते बदलतात. जीव वाचवणारे साधन ऐन वेळी निकामी ठरू नये, हा त्यामागील हेतू आहे.

नोंदी आणि विल्हेवाट

विमा असल्यास उपकरण उघडण्यापूर्वी भिजलेल्या स्थितीतील छायाचित्रे, पाण्याची पातळी दाखवणारी भिंतीवरील खूण, अनुक्रमांक व खरेदीची पावती जपून ठेवतात. सर्वेक्षक किंवा शासकीय पंचनामा होण्यापूर्वी वस्तू भंगारात दिल्यास दावा सिद्ध करणे अवघड होते.

दुरुस्त न होणारी उपकरणे ई-कचऱ्यात मोडतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर असून ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्रांमार्फत होणे अपेक्षित आहे. तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्यास विषारी धूर निर्माण होतो. भिजलेले उपकरण तसे न सांगता विकल्यास त्यातील धोका खरेदीदाराच्या घरात जातो. आतील कोपऱ्यांतील गाळ, गंजलेले स्क्रू आणि जोडण्यांवरील हिरवट थर या जुनी वस्तू घेताना पाहावयाच्या खुणा आहेत.