जुन्या स्पोर्ट्स कारच्या सांगाड्याला बळकटी: आधी गंज, मग जोडनळी

मुंबईहून अलिबागला जाणारा रस्ता वडखळ येथे मुंबई-गोवा महामार्गापासून फुटतो आणि धरमतर खाडीवरील पूल ओलांडून पोयनाडच्या दिशेने पुढे जातो. हा रस्ता मुंबईकरांच्या ओळखीचा आहे. पावसाळ्यानंतरचे खड्डे आणि खाडीवरून येणारी खारी, दमट हवा हेही ओळखीचेच. जुन्या मोटारीच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टींचा घाव एकाच ठिकाणी बसतो आणि ते ठिकाण म्हणजे गाडीचा सांगाडा. खड्डा त्याला पिळतो, तर खारी हवा त्याला पोखरते.

जुन्या स्पोर्ट्स कारचा सांगाडा ताठ करण्यासाठी ‘सबफ्रेम कनेक्टर’ बसविण्याची पद्धत जगभरातील हौशी मोटारमालकांमध्ये रूढ आहे. गाडीच्या पुढील व मागील आधारचौकटी एकमेकींना जोडणाऱ्या या पोलादी नळ्या होत. त्यांना येथे सोयीसाठी जोडनळ्या म्हणू. हा उपाय परिणामकारक आहे. मात्र तो कोणत्या गाडीला लागू पडतो आणि करण्यापूर्वी काय तपासावे, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

सांगाड्याचे दोन प्रकार

ट्रक किंवा जुनी जीप यांच्या तळाशी शिडीसारखी स्वतंत्र चासी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसविलेली असते. आपल्याकडील स्टँडर्ड हेरल्ड ही मोटारही स्वतंत्र चासीवरच उभी होती. दुसऱ्या प्रकारात वेगळी चासी नसते. तळ, दाराखालचे उंबरे, खांब आणि छत यांचे पत्रे एकमेकांना वेल्ड करून एकच कवच तयार केले जाते. यालाच मोनोकॉक किंवा युनिबॉडी म्हणतात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली पद्मिनी ही याच प्रकारची गाडी.

अनेक जुन्या स्पोर्ट्स कार या दोन प्रकारांच्या मधल्या आहेत. १९६४ साली आलेल्या फोर्ड मस्टँगमध्ये पुढील मजबूत पोलादी दांड्या बैठकीच्या तळाखाली येऊन संपतात आणि मागील दांड्या मागच्या आसाच्या थोड्या पुढे सुरू होतात. मधल्या भागात केवळ तळाचा पत्रा आणि दोन्ही बाजूंचे उंबरे असतात. १९६६ साली बाजारात आलेल्या शेव्हरोले कॅमारोमध्ये तर पुढील सबफ्रेम पूर्णपणे वेगळी असून ती रबरी बुशांवर बोल्टने बसविलेली असते. जोडनळी हा मधला खंडित दुवा सांधते. ज्या गाडीला मुळात स्वतंत्र आणि अखंड चासी आहे, तिला या उपायाचे काही प्रयोजन नाही.

छत नसलेल्या गाडीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. छत हा कवचाचाच एक भाग असल्याने ते काढले की कवच दुबळे होते. म्हणूनच फोर्डने उघड्या मस्टँगचे उंबरे व तळ कारखान्यातच अधिक मजबूत केले होते.

ताठपणा कशासाठी?

स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर यांची रचना करताना गाडीचा सांगाडा ताठ आहे, असे गृहीत धरलेले असते. सांगाडा स्वतःच पिळला जाऊ लागला, की तोच एक अनियंत्रित स्प्रिंग बनतो. मग चाकांचे कोन बदलतात, वळणावर गाडी उशिरा प्रतिसाद देते आणि खड्ड्यात एक चाक गेले, की सगळी बॉडी करकरते. पुढे पुढे दारे नीट लागेनाशी होतात, स्पॉट वेल्डजवळ पत्र्याला बारीक चिरा पडतात आणि कधी समोरची काचही तडकते.

याची साधी चाचणी गॅरेजमध्ये करता येते. सपाट जागेवर दाराभोवतीच्या फटी मोजाव्यात. नंतर पुढच्या एका कोपऱ्याला जॅक लावून गाडी उचलावी आणि त्याच फटी पुन्हा मोजाव्यात. फटींमध्ये स्पष्ट फरक पडला किंवा दार अडकू लागले, तर सांगाडा पिळतो आहे, असे समजावे. जॅकवरील गाडीखाली मात्र कोणीही जाऊ नये.

बंद नळीचे सामर्थ्य

बुटांचा रिकामा खोका झाकणाशिवाय हातात धरून पिळला तर तो सहज पिळतो. झाकण चिकटवल्यावर तोच खोका दाद देत नाही. पुठ्ठा तोच, वाढ केवळ झाकणाची. बंद आकार पिळाला विलक्षण विरोध करतो, हे त्यामागील कारण. ५० मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची गोल नळी लांबीभर चिरली, तर तिचा पिळाविरुद्धचा ताठपणा चारशेहून अधिक पटींनी घटतो, असे गणित सांगते. त्यामुळे जोडनळीसाठी सपाट पट्टी किंवा उघडा अँगल न वापरता चौकोनी अथवा आयताकृती बंद नळी वापरतात.

वजनही फार वाढत नाही. ५० बाय ५० मिलिमीटरच्या, ३ मिलिमीटर जाड चौकोनी नळीचे वजन मीटरमागे सुमारे साडेचार किलो भरते. दोन्ही बाजू धरून हिशेब दहा-बारा किलोंच्या आसपास जातो. धरमतर खाडीकाठच्या डोलवी येथील पोलाद कारखान्यात तयार होतात तशा हॉट रोल्ड कॉइलच्या पट्ट्या वळवून आणि सांधून अशा नळ्या बनविल्या जातात. म्हणजे साहित्य दुर्मीळ नाही. कसोटी लागते ती कारागिरीची.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. दोन सुट्या समांतर नळ्या गाडीला मधोमध वाकण्यापासून चांगल्या प्रकारे रोखतात, पण पिळाविरुद्ध त्यांचा लाभ तुलनेने कमी असतो. त्या तळाच्या पत्र्याला लांबीभर वेल्ड केल्या आणि आडव्या पट्टीने एकमेकींशी बांधल्या, तर पिळाविरुद्धचा लाभही वाढतो.

खाडीकाठचा गंज

पेणची मिठागरे सर्वश्रुत आहेत. मिठाचे कण हवेतील ओलावा धरून ठेवतात आणि पत्र्यावर क्षारयुक्त पाण्याचा पातळ थर कायम राहतो. त्यामुळे खाडीकाठी व समुद्रकाठी गंज झपाट्याने पसरतो. उंबरे आणि दांड्या या पोकळ असल्याने त्यांतील निचऱ्याची छिद्रे चिखलाने बुजली, की गंज आतून खातो आणि बाहेरचा रंग शाबूत दिसतो. वर जाड अंडरबॉडी कोटिंगचा थर असेल, तर नुकसान पूर्णपणे झाकले जाते.

जोडनळी आपल्या टोकांशी मोठा भार गोळा करते आणि तो जुन्या दांड्यांवर सोपविते. दांडीच कुजलेली असेल, तर नळी तिला फाडून सुटते. यासाठी काम हाती घेण्यापूर्वी तळाचे कोटिंग खरवडून दांड्या, उंबरे आणि मागच्या पाट्यांच्या बैठका हातोडीने ठोकून व टोकदार हत्याराने टोचून पाहाव्यात. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर आधी तेवढा पत्रा कापून नवा बसवावा.

काम कसे करावे?

गाडीचे वजन चाकांवर असतानाच जोडनळ्या वेल्ड कराव्यात. बॉडीला जॅक लावून गाडी उचललेली असेल, तर सांगाडा थोडा वाकलेला असतो आणि तोच वाक कायमचा पक्का होतो. चाकांखाली रॅम्प असलेली लिफ्ट यासाठी योग्य. दारे बंद करून फटी आधी तपासाव्यात. बॅटरी सोडवावी; इंधनाची टाकी व नळ्या, ब्रेकच्या नळ्या, आतील गालिचे दूर करावेत आणि आग विझविण्याचे साधन हाताशी ठेवावे. सलग वेल्ड न मारता लहान लहान टाके आलटून पालटून दोन्ही बाजूंना घ्यावेत, म्हणजे उष्णतेने पत्रा वाकत नाही. नळीच्या टोकांशी भार पसरविणारी जाड पट्टी द्यावी. शेवटी इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर आणि नळीच्या पोकळीत मेण फवारावे. अन्यथा नवी नळीही आतून गंजेल.

कागदपत्रांचा प्रश्न

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात जतन केलेल्या वाहनाला ही नोंदणी मिळते. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरबदल करणारी मोठी डागडुजी झालेली नसावी, अशी अट त्यात स्पष्ट आहे.

पन्नाशी ओलांडलेल्या गाडीच्या मालकाची खरी कोंडी येथे होते. जी वेल्डिंग गाडीला ताठ करते, तीच तिचा व्हिंटेज दर्जा धोक्यात आणू शकते. अशा गाडीचा कुजलेला पत्रा मूळ मापाने बदलणे, झिजलेले बुश नवे घालणे आणि सुटलेले स्पॉट वेल्ड पुन्हा मारणे एवढ्याने पुष्कळसा ताठपणा परत मिळतो. त्याहून पुढे जायचे असेल, तर परिवहन कार्यालयात आधी लेखी विचारणा करावी आणि प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे जपून ठेवावीत.

गंजाची तपासणी पहिली, कागदपत्रे दुसरी आणि वेल्डिंग तिसरे हा क्रम पाळला, तर खाडीवरचा वारा आणि वडखळचे खड्डे सोसूनही जुनी गाडी दीर्घकाळ साथ देईल. क्रम उलटा झाला, तर कुजक्या पत्र्यावर नवे पोलाद चढविल्याचे समाधान तेवढे पदरी पडेल.